कूलरला मागचं दार लागतं

होळीची राख निवते न निवते तोच बाबा मागच्या खोलीतून कूलर ओढत बाहेर काढायचे. फरशीवरचा तो खर्रर्र आवाज म्हणजे आमच्या घरचा उन्हाळ्याचा भोंगा. मग गेल्या वर्षीच्या वाळ्याच्या कुजक्या ताट्या उपटायच्या, टाकीच्या तळाचा गंज खरवडायचा. आई ओरडणार, "अंगणात धुवा ना बाप्पा, आत्ताच पुसली म्या फरशी," आणि बाबा न ऐकल्यासारखं करून तिथेच बादली ओतणार. नव्या ताट्या बसल्या, कूलर मागच्या खिडकीत चढला, पंप गुरगुरला, ओल्या वाळ्याचा पहिला वास घरात शिरला, की आम्ही सगळे कूलरपुढे तोंडं उघडी टाकून बसायचो. यवतमाळचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला तो वास सांगावा लागत नाही, आणि ज्याने नाही काढला त्याला सांगून कळत नाही. पण ते सुख घटकाभरच. लगेच बाबा उठून समोरची खिडकी लावायचे, मग बाजूची, मग स्वयंपाकघराचं दार, आणि दाराखालच्या फटीत जुनं धोतर कोंबायचे. "एवढी थंडी पैदा करून राह्यलो, ते काय गल्लीले वाटासाठी?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग काय व्हायचं ते व्हायचंच. डब्यातल्या कुरडया मऊ पडायच्या, उशांना ओल यायची, अंग चिकचिक चिकचिक करायचं, आणि दोष जायचा कूलरला. मी म्हणायची, "बाबा, समोरची खिडकी उघडा, मग पाहा." ते म्हणायचे, "तू मले नको शिकवू." दर उन्हाळ्यात हे एकदा व्हायचंच.

बाबा तहसील कचेरीत होते. कापसाने पाठ फिरवली ती हीच वर्षं. शहराबाहेरच्या, कापसाची सरकी काढणाऱ्या जिनांचे भोंगे पूर्वी उन्हं चांगली तापेपर्यंत वाजायचे, ते आता संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांत गप्प व्हायचे. लग्नपत्रिकांचा ढीग आमच्या देवघरात उदबत्तीच्या डबीपेक्षा उंच व्हायचा, तो होईना. कुठल्या गावात कोणत्या शेतकऱ्याने जिवाचं काय केलं ते कचेरीत आधी कळायचं, आणि बाबा ते घरी आणायचे नाहीत. आले की मोरीत उभे राहून कितीतरी वेळ पायावर पाणी घ्यायचे, मग भाकरी आणि कैरीचा तक्कू घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवायचे. पण माणूस गप्प बसला म्हणून बातमी थोडीच घराबाहेर राहते! आई त्यांच्या पाठीकडे बघूनच ओळखायची आणि आम्हाला डोळ्यांनी दटावायची. आज मला वाटतं, खिडक्या लावायचं त्यांचं ते वेड थंडीसाठी नव्हतंच. बाहेरचं काही आत येऊ नये, आतलं काही बाहेर जाऊ नये, सगळं आपलं कडी लावून जागच्या जागी असावं. दारं, खिडक्या, आणि वयात आलेली पोरगी.

ही पोरगी मात्र कडीत बसणारी नव्हती. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची, आणि ते कौतुकाने म्हणायची नाही. माझ्या बरोबरीच्या मुली शिवणकामाला गेल्या, मी आयटीआयला रेफ्रिजरेशनचा ट्रेड घेतला. त्या वर्गात बाई म्हणून मी एकटी. बाबांनी होकार दिला तो या हिशेबाने की घरचा कूलर तरी फुकटात दुरुस्त होईल. यंत्रांची खोड लावून दिली ती मोतीमामाने, आईच्या धाकट्या भावाने. मामा जिनात फिटर होता. जिनं अर्धी बंद राहायला लागली तसा तो कूलरच्या कामात शिरला. दुकानांचे, थेटरचे, मंगल कार्यालयांचे ते भिंतीएवढे कूलर, ज्यांची हवा पत्र्याच्या नळातून सभागृहभर खेळवतात. त्यांचे पट्टे बदलायचे, बेअरिंगला ग्रीस द्यायचं, पाण्याच्या नळ्यांच्या छिद्रांत बसलेला खार तारेने टोकरून काढायचा. आमच्याकडचं पाणी असं खारट की एका मोसमात नळी दगडाची होते. सुट्टीत मी मामाबरोबर हिंडायची, ओढणी कमरेला खोचून.

मामाची एक रीत होती. कुठल्याही कूलरपाशी गेला की आधी पाना काढायचा नाही. खिशातून कापसाचा पुंजका काढायचा, त्यातला एक लांब तंतू ओढून हवेच्या जाळीला चिकटवायचा आणि खाली बसून त्याकडे बघत राहायचा. तंतू आडवा उडला म्हणजे हवा खेळते आहे, लोंबला म्हणजे कुठेतरी कोंडली आहे. "माणसं खोटं बोलतीन शोभे, मोटरसुद्धा बोलन. कापूस नाही बोलत," मामा म्हणायचा, आणि मग जिभेवर चुना लागल्यासारखं तोंड करून पुढे जोडायचा, "भाव सोडून." पुढे मी नागपुरात, मग त्याहून मोठ्या शहरात, बंगल्याएवढ्या यंत्रांपाशी उभं राहून आयुष्य काढलं. भिंतभर आकडे दाखवणारी मीटरं होती. तरी माझ्या पर्समध्ये कापूस असायचाच, आणि आजही आहे. नव्या पोरांना वाटायचं मॅडमच्या कानाला त्रास आहे.

माझं आयटीआय संपलं त्या साली काय झालं, तर नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात वातानुकूलनाच्या प्लँटवर शिकाऊ माणसं घेत होते. मी बाबांना सांगून मुलाखत दिली. त्यांना खात्री होती की पोरीला कोण घेतंय. दवाखान्याने घेतलं! वैशाख संपायच्या आत हजर व्हायचं होतं. मी घरभर नाचले, आणि बाबांनी दुसऱ्याच दिवशी महागावकडचं स्थळ आणलं. मोठी शेती, मुलगा शाळेत मास्तर, आईवडील नाहीत, कर्ता काका. "आधी साक्षगंध होऊ दे. मंग ते लोक म्हणतीन तसं करू नागपूरचं," बाबा म्हणाले. ते लोक! ज्यांचं तोंडही मी धड पाहिलं नव्हतं ते ठरवणार मी नागपूरला जायचं की नाही. मी ताट आपटलं. आमच्या घरात ताट आपटायचं खातं माझ्याकडेच होतं, त्यामुळे कोणी फारसं दचकलं नाही. आईने खाली पडलेले आमरसाबरोबरचे सरगुंडे उचलले आणि म्हणाली, "बाई, दिवस कसे हाय ते पाह्य. चांगलं स्थळ दाराशी आलं त् दार नाही लावू." बघा, तिथेही दारच.

साक्षगंधाचं, म्हणजे आमच्याकडच्या साखरपुड्याचं, कार्यालय मूळचं एका जिनाचं गोडाऊन. कापूस येईना म्हणून शेठने भिंतींना गुलाबी रंग मारला, वर कापडाचं छत ताणलं आणि नाव बदलून मंगल कार्यालय केलं. तिथला कूलर मामानेच बसवला होता. समोर मोठा दरवाजा, बाजूला दोन, आणि मागे एक लोखंडी शटर. मामाने पहिल्या दिवसापासून बजावलं होतं, ब्लोअर चालू तेव्हा शटर निम्मं वर. पण चौकीदार शेषराव जिनातलाच. जन्मभर कापूस राखला त्याने. कापसाचं गोडाऊन उघडं ठेवायचं नसतं. वारा शिरला की ठिणगी शिरते, हे त्याच्या रक्तात. उघडं शटर दिसलं की त्याचा हात आपोआप जायचा. मामा त्याच्यावर कितीदा ओरडला असेल. तो मान डोलवायचा, "गोडाऊन उघडं टाकत नसते, मिस्त्री," म्हणायचा, आणि मामाची पाठ वळली की खाली ओढायचा. त्याचं तरी काय चुकलं? त्याच्या लेखी तिथे अजून कापूसच होता.

साक्षगंधाच्या दिवशी मामा नवा शर्ट घालून सकाळीच आला होता, ताट्या भिजवल्या, शटर वर केलं, जाळीला तंतू लावला. मग टाकीतलं पाणी पुरणार नाही म्हणून टँकर गाठायला निघून गेला. यवतमाळात तेव्हा पाणी सांगून येत नसे, धरून आणावं लागे. पाहुणे आले, हॉल भरला, बुंदीचा आणि तळणाचा वास पसरला. मला पाटावर बसवलं. सुवासिनी ओटी भरू लागल्या, पदरात नारळ, त्यावर तांदूळ. तेवढ्यात मुलाचे काका, भरघोस मिशांचे, आवाजाने खणखणीत, उठून म्हणाले, "दारं लावा रे! सारी थंडी बाहेर चालली. बाहेरच्या ढोराईले गारवा देता काय?" सगळे हसले. माझे बाबाही हसले, आणि स्वतः उठून बाजूचं दार लावलं! शेषरावला तर देव पावला. समोरचा दरवाजा लागला, बाजूचे लागले, आणि मागून शटर खाली आल्याचा धडाम आवाज झाला.

आधी ब्लोअरचा आवाज बदलला. मोकळा घुमणारा आवाज बसल्यासारखा झाला. मान खाली घालायची होती, मी ती वर करून जाळीकडे बघितलं. तंतू लोंबत होता. हळूहळू हॉलमधली हवा जड झाली. ओल्या वाळ्याचा वास, घाम, अत्तर, सगळं एकात एक कालवलं. बायका पदराने वारा घेऊ लागल्या. "कूलर बंद पडला वाटते," कोणी म्हणालं. "पाणी मारा अजून ताट्यावर," कोणी म्हणालं, आणि मारलंही! आमच्या लोकांचा पाण्यावर एवढा विश्वास, की हवा कोंडली तरी पाणी ओततील. मी शेजारच्या बाईला म्हटलं, "मागचं शटर उघडायला सांगा ना." ती कुजबुजली, "आता बोलू नाही बाई, ओटी होऊ दे." आणि मग मला आई दिसली. हळदीकुंकवाचं तबक घेऊन खांबापाशी उभी होती. तिचे ओठ पांढरे पडलेले. तबक कलंडलं, ती खांबाला घसटत खाली बसली.

मी उठले. ओटी भरत असताना पाटावरून उठायचं नसतं, हे मला काय माहीत नव्हतं? नारळ गडगडत गेला, तांदूळ सांडले, मागून बायकांचा एकच आवाज आला, "अगं अगं अगं!" मी भरजरी शालू वर धरून मागे धावले. शेषराव शटरपुढे स्टुलावर बसलेला. "बाई, तुम्ही नवरी हाय!" तो घाबरून उभा राहिला. "नवरी हाय म्हणून माझ्या मायले मरू देऊ का? सरक तिकडं!" कडी काढली, पण धडामकन ओढलेलं शटर खाचेत तिरपं अडकलेलं. बांगड्या फुटल्या, हात सोलवटला, ते इंचभर हलेना. तेवढ्यात शेजारी नव्या शर्टाचा एक खांदा आला. मुलगा होता. मास्तर. त्याने खांदा लावला, आणि दोघांनी मिळून ते वर ढकललं.

आणि हॉलमधली सगळी कोंडलेली हवा माझ्या अंगावरून बाहेर गेली. तो घाम, ते अत्तर, ती वाफ, सगळं सुसाट बाहेर. उन्हाळ्याच्या ऐन दुपारी, बाहेर रस्ता वितळत असताना, त्या उघड्या शटरमुळे आत गारवा आला. मी वळून बघितलं तर जाळीवरचा तंतू आडवा थरथरत होता, बायकांचे पदर हलत होते. आईला कोणी कांदा हुंगायला दिला, कोणी गूळपाणी पाजलं. तिने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "ओटी झाली?"

काका वाईट माणूस नव्हते, हे मी आज म्हणू शकते. त्यांनीच आईच्या तोंडावर पाणी मारलं होतं. पण सगळं निवल्यावर ते हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "पाटावरून उठली ते उठली, मायची तब्येत होती, आमी समजू शकतो. पोरगी पसंत हाय. पण आमच्या घरात बाईनं पाने आन् शटरं घेऊन फिरनं चालनार नाही. नागपूर-बिगपूर काही नाही. हे चार लोकाईत कबूल करा, आन् अंगठी घाला." मी मास्तरकडे बघितलं. तो खाली सांडलेल्या तांदळांकडे बघत होता. शटरला खांदा दिला त्याने, तोंड मात्र उघडलं नाही. मग मी बाबांकडे बघितलं. ते हो म्हणणार हे मला ठाऊक होतं. त्यांनी कपाळ पुसलं, स्वतः लावलेल्या बाजूच्या दाराकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाले, "घरी इचार करून सांगतो." अंगठी डबीतच राहिली. लोक मात्र जेवून गेले. आमच्याकडे अन्नावर राग काढत नाहीत.

त्यानंतर घरात जी शांतता पसरली तिच्यापेक्षा भांडण परवडलं असतं. आई सारखं, "तांदूळ सांडले वो माय," म्हणायची. "तुझ्यासाठीच उठली ना मी?" मी एकदा किंचाळले. "मी म्हटलं होतं काय तुले ऊठ म्हणून?" ती म्हणाली आणि रडू लागली. मला तिचा राग आला, स्वतःचा आला, त्या शेषरावचा आला. पिंजऱ्यातल्यासारखी मी या खोलीतून त्या खोलीत फिरायची. वैशाख सरत चालला होता. मामा येऊन गेला, त्याने बाबांना सांगायचा प्रयत्न केला, बाबांनी त्याला पन्हं दिलं आणि विषय बदलला. महागावहून दोनदा निरोप आला: फक्त हो म्हणा.

त्या रविवारी दुपारी बाबा बनियनवर कूलरपुढे बसले होते. खिडक्या बंद, धोतर फटीत. आई वाती वळत होती. "शोभा, इकडे ये," बाबा म्हणाले. मला वाटलं, झालं, आता सांगणार. ते म्हणाले, "एक सांग. बाहेर एवढं ऊन होतं. शटर उघडलं त् ऊन आत याले पाह्यजे. थंडी कशी काय आली?"

त्या क्षणी मला उत्तर देऊ नये असं वाटत होतं. इतकी वर्षं नाही ऐकलं, आता कायले? पण यंत्राचं कोणी विचारलं की माझ्याने राहवत नाही. "कूलर हवा आत ढकलते, बाबा. जुनी, ओली हवा बाहेर निघालीच नाही, त् नवी मावन कुठं? त्याले इकडून जेवढी वाट, तेवढीच तिकडून पाह्यजे."

बाबा उठले. आईच्या टोपलीतून कापूस उचलला. "देवाचा कापूस हाय तो!" आई म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. एक तंतू ओढला, बंद खिडकीपाशी धरला. तो लोंबला. मग त्यांनी खिडकीची कडी काढली. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना उन्हाळ्यात ती कडी काढताना बघितलं. पल्ला उघडला, तंतू आडवा झाला, त्यांच्या बोटांतून सुटला आणि गल्लीत निघून गेला. बाबा तसेच हात पुढे धरून उभे. मागून कूलरचा झोत त्यांच्या पाठीवर येत होता, बनियन फडफडत होता.

"इतके वर्ष मले कोणी सांगतलं काहून नाही?" ते म्हणाले.

"मी दरवर्षी सांगत होती, बाबा."

त्यांनी बाजूची खिडकी उघडली. वाकून दाराखालचं धोतर ओढून काढलं, त्याची घडी घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हो. सांगत होती खरी." आणि घडी खाली ठेवत, "नागपूरले कधी हजर व्हाचं हाय?"

मी रडले. दुसरं काय करणार होते? ताट आपटायला हातात ताटही नव्हतं.

संध्याकाळी आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो. बाबांनी महागावला फोन लावला. आयुष्यभर साहेबांसमोर "होय जी" म्हणणारा माणूस, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून बोलला, "पोरगी नागपूरले जाऊन राह्यली. शिकून घेऊ द्या तिले. तुमाले थांबनं जमत असन त् थांबा." पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. शेवटी बाबा म्हणाले, "बरं. नमस्कार." महागावचे लोक थांबले नाहीत. मास्तरचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं म्हणतात. चांगला माणूस होता, सुखात असो.

मी निघाले त्या दिवशी उन्हाने कहर केला होता. स्टँडवर आईने सातूच्या पिठाचा डबा दिला, खिशात कांदा ठेवायला लावला, आणि डोळे पुसत बजावलं, "लू लागते, खिडकी लावून बस." एसटीतल्या सगळ्यांनी खिडक्या लावल्याच होत्या. बाबा खालून माझ्या खिडकीपाशी आले. काच अडकलेली. त्यांनी टाचा उंचावून, दोन्ही हातांनी जोर लावून ती सरकवली, आणि धापा टाकत म्हणाले, "उघडीच ठेव."